फेलोशिप कोणासाठी?

अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये मूल जन्माला आले की तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान आरोग्यसेविका घरी येते, बाळाच्या टाचेला बारीक सुई टोचते आणि रक्ताचे काही थेंब टिपकागदावर घेऊन जाते. या तपासणीत २००७ सालापासून सिकलसेलचाही समावेश आहे. बाळाला आजार असेल तर त्याची रवानगी तातडीने बालरोगतज्ज्ञाकडे होते. बाळ केवळ वाहक असेल, तर पालकांनी आधी नकार दिला नसल्यास तेही कुटुंबाच्या डॉक्टरमार्फत कळविले जाते. आमच्यापैकी एका घरी असाच निरोप आला. सुनेच्या बाळंतपणासाठी नागपूरहून आलेली आजी तो ऐकून म्हणाली, "हे तं आपल्याच इकडचं दुखणं होय. इथल्या लोकायले कसं मालूम?"

आजीच्या या प्रश्नाने आम्हांला अस्वस्थ केले, कारण त्याच घराण्यातील एक मुलगा भंडारा जिल्ह्यात वाढला. हातपाय सुजायचे, रात्र रात्र रडायचा. कोणी संधिवात म्हटले, कोणी अंगात रक्त कमी म्हटले, कोणी देवाधर्माचे काही राहिले असेल असेही सुचविले. तीन दवाखाने पालथे घातल्यावर, सातव्या वर्षी, एका तरुण डॉक्टरने रक्ताची साधी सोल्युबिलिटी चाचणी करावयास लावली आणि नंतर इलेक्ट्रोफोरेसिसने निदान पक्के झाले. ज्या प्रदेशात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे, तेथे निदानाला सात वर्षे लागावीत, आणि जेथे तो समुद्रापलीकडून आलेल्या माणसांबरोबर आला, तेथे सात दिवस पुरावेत, हे कसे?

हा फरक श्रीमंत देश आणि गरीब देश यांच्यातील आहे, एवढे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. भारतात हृदय बदलणारी, यकृत बदलणारी रुग्णालये आहेत. सुपरस्पेशालिटीचे फलक गावोगावी लागले आहेत. प्रश्न पैशाचा आहे तितकाच तो तज्ज्ञ कोणासाठी घडवावयाचे, कोठे घडवावयाचे आणि कोणातून घडवावयाचे, याचाही आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

आपल्यापुढील प्रस्ताव

परदेशस्थ आंबेडकरी कुटुंबांच्या बैठकांतून गेली काही वर्षे एक विचार पुनःपुन्हा मांडला जातो. आपण वर्गणी जमवावी, दरवर्षी विदर्भातील एक-दोन डॉक्टरांना तीन महिन्यांसाठी युरोपात आणावे, येथील मोठ्या रुग्णालयात त्यांना सिकलसेलची 'फेलोशिप' द्यावी आणि प्रमाणपत्रासह परत पाठवावे. हेतू निर्मळ आहे. तो मांडणाऱ्यांविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु हा प्रस्ताव चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे आणि ते आम्ही येथे आडपडदा न ठेवता मांडत आहोत.

पहिली गोष्ट, तीन महिन्यांत तो डॉक्टर येथे करणार काय? या देशात रुग्णावर स्वतःच्या जबाबदारीने उपचार करण्यासाठी बीआयजी नोंदणी लागते आणि रुग्णाशी बोलण्यासाठी डच भाषा लागते. पाहुणा डॉक्टर हात पाठीमागे बांधून वॉर्डात उभा राहील. जो औषधाची मात्रा स्वतः ठरवीत नाही, रात्री दोन वाजता निर्णय घेत नाही आणि आपल्या चुकीचा जाब सकाळी वरिष्ठांपुढे देत नाही, तो पाहणी करतो. त्याला प्रशिक्षण म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट, येथील रुग्ण वेगळे आहेत. नेदरलँड्समधील सिकलसेलचे रुग्ण प्रामुख्याने सुरिनाम, कॅरिबियन बेटे आणि पश्चिम आफ्रिका येथून आलेल्या कुटुंबांतील आहेत. भारतातील रुग्णांत या जनुकाची अरब-भारतीय म्हणून ओळखली जाणारी जात आढळते. तिच्याबरोबर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त राहते, आणि त्यावरून 'भारतातला आजार सौम्य असतो' असा समज फार काळ रूढ होता. नागपूरच्या वॉर्डांतील मुलांनी तो समज खोटा पाडला. शिवाय विदर्भातील मुलाला सिकलसेलबरोबर मलेरिया असतो, कुपोषण असते, क्षयरोगाची शक्यता असते आणि रक्तपेढी पन्नास किलोमीटरवर असते. यांपैकी काहीही अ‍ॅमस्टरडॅमच्या वॉर्डात शिकता येत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की तीन महिन्यांच्या परदेशी प्रमाणपत्राचा उपयोग बहुधा एकाच ठिकाणी होतो: खासगी दवाखान्याच्या पाटीवर. आपल्या घामाच्या वर्गणीतून आपण एखाद्या मोठ्या शहरातील पाटीची एक ओळ लांबवावी काय?

ज्ञान होते, माणसे नव्हती

सिकलसेलचा इतिहास पाहिला तर एक बाब ठळकपणे दिसते. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या रक्तातील कोयत्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणूचा आजार असल्याचे दाखविले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला आणि १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचा लेख 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ते काम नागपूरचे होते. म्हणजे धम्मदीक्षेनंतर दोनच वर्षांनी, त्याच शहरातून, आपल्या रक्तातील या दोषाची वार्ता जगाला गेली होती. पुढील पाहण्यांनी दाखविले, की विदर्भात गोंड, माडिया, परधान या आदिवासी जमाती, पूर्वाश्रमीचे महार म्हणजे आजचे बौद्ध, तसेच कुणबी, तेली अशा अनेक समाजांत हा दोष आहे.

उपचारही कळत गेले. लहान मुलांना नियमित पेनिसिलिन दिल्याने जीवघेणे जंतुसंसर्ग टळतात, हे १९८६ साली सिद्ध झाले. हायड्रॉक्सीयुरियाने वेदनेचे झटके कमी होतात, हे १९९५ साली. कवटीबाहेरून मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील प्रवाहाचा वेग मोजून ज्या मुलांना पक्षाघाताचा धोका आहे ती आधीच ओळखता येतात आणि नियमित रक्तसंक्रमणाने तो धोका पुष्कळसा टाळता येतो, हे १९९८ साली. या उपायांपैकी पेनिसिलिन आणि हायड्रॉक्सीयुरिया ही काही महागडी औषधे नव्हेत.

मग ही औषधे असूनही गावातील मूल तडफडत का राहिले? कारण औषध आणि मूल यांच्यामध्ये जो शिकलेला माणूस उभा असावयास हवा, तो पुरेशा संख्येने कोणी घडविलाच नाही. वैद्यकीय शिक्षणातील प्रतिष्ठा जिकडे गेली, तिकडे तज्ज्ञ गेले. रक्तविकारशास्त्राची डीएम पदवी आहे आणि ती घेणारे अत्यंत बुद्धिमान आहेत. पण त्या शिक्षणाचा मोठा भाग रक्ताच्या कर्करोगाकडे आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाकडे वळतो, आणि पदवीधर मोठ्या शहरांकडे वळतो. त्यात त्या व्यक्तीचा दोष नाही. ज्या आराखड्यात भंडारा आणि गडचिरोली कोठेच नाहीत, त्यातून बाहेर पडणारा डॉक्टर भंडारा-गडचिरोलीला कशाला जाईल?

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ सालापर्यंत निर्मूलनाचे आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य तिने ठेवले. तिचा मुख्य रोख आदिवासीबहुल भागांवर आहे आणि तो योग्यच आहे. परंतु दोन प्रश्न उरतात. आदिवासीबहुल नकाशाबाहेर असलेल्या बौद्ध वस्त्यांचे काय? आणि तपासणीत जे लाखो लोक वाहक वा रुग्ण म्हणून समोर येतील, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाकडे पाठवावयाचे? तपासणीचे कार्ड हातात देऊन उपचार करणारा न देणे, ही त्या माणसाची फसवणूक आहे.

आम्हांला हवा असलेला आराखडा

आमची मागणी अशी. बालरोग किंवा औषधवैद्यकशास्त्रातील एमडी झालेल्या डॉक्टरांसाठी सिकलसेल, थॅलेसेमिया आणि अन्य हिमोग्लोबिनविकारांची दोन वर्षांची पूर्णवेळ, पगारी फेलोशिप असावी. तिचे केंद्र नागपूरला, 'मेडिकल' आणि 'मेयो' या नावांनी आपल्याला ठाऊक असलेल्या शासकीय महाविद्यालयांत असावे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना १९९८ साली झाली आणि ते फेलोशिप अभ्यासक्रम चालविते. तेव्हा मान्यतेची चौकट आहे. विद्यापीठाच्या यादीत एक नाव घालणे सोपे असते. त्या नावाच्या आत काय असेल, हे ठरविणे कठीण असते.

आराखड्याचे काम अभ्यासक्रमातील प्रकरणांपासून सुरू होऊ नये, असे आमचे म्हणणे आहे. दोन वर्षांनंतर या डॉक्टरवर, वरिष्ठ जवळ नसताना, कोणती कामे विश्वासाने सोपविता आली पाहिजेत, हा पहिला प्रश्न असावा. ही विचारपद्धती येथूनच, युट्रेक्टच्या ओले टेन काटे यांनी २००५ साली मांडली आणि पुढे ती जगभरच्या वैद्यकीय शिक्षणात स्वीकारली गेली. नेदरलँड्सकडून विदर्भाने काही घ्यावयाचे असेल तर ते हे घ्यावे. विदर्भासाठी अशी कामे आम्हांला पुढीलप्रमाणे दिसतात.

पहिले काम वेदनेचे. झटका आलेला रुग्ण दारात आल्यापासून तीस मिनिटांत त्याला वेदनाशामक मिळाले पाहिजे, असे ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत २०१२ सालापासून लिहिलेले आहे. भारतात मॉर्फिनवरील जाचक नियम २०१४ च्या कायदादुरुस्तीने सैल झाले, पण हात अजून बिचकतो. कण्हणाऱ्या गरीब पोराला 'नाटक करतो' म्हणणारा डॉक्टर आणि त्याच्यावर विश्वास ठेवून योग्य मात्रा देणारा डॉक्टर, यांतील फरक शिक्षणाने पडतो.

दुसरे काम तापाचे आणि प्लीहेचे. प्लीहेत अचानक रक्त साठून मूल काही तासांत दगावू शकते. जमैकात आयांना बाळाची प्लीहा हाताने चाचपून पाहण्यास शिकविले गेले आणि असे मृत्यू घटले, हे १९८५ साली प्रसिद्ध झाले. फेलोने हे कौशल्य आयांना शिकवून दाखवावे, आणि त्याची परीक्षा आयांच्या हातावरून व्हावी.

तिसरे, मेंदूच्या रक्तप्रवाहाची तपासणी स्वतः करणे. चौथे, हायड्रॉक्सीयुरियाची मात्रा ठरविणे आणि रक्ताच्या अहवालांवरून ती वर्षानुवर्षे सांभाळणे. येथे एक बाब अभिमानाने नमूद करतो: किलोमागे १० मिलिग्रॅम अशा कमी आणि निश्चित मात्रेचा तीव्र आजार असलेल्या मुलांवरील अभ्यास नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातच झाला आणि तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे या विषयात नागपूर नुसते शिकणारे नाही. ते शिकवूही शकते.

पाचवे, रक्त बदलून देणे, रक्तगट काटेकोर जुळविणे आणि वारंवारच्या रक्ताने शरीरात साठणारे लोह काढणे. सहावे, सिकलसेलग्रस्त स्त्रीचे गरोदरपण स्त्रीरोगतज्ज्ञाच्या जोडीने निभावून नेणे. सातवे, बालविभागातून प्रौढ विभागात जाणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाचा हात न सोडणे, कारण याच वळणावर अनेक रुग्ण उपचारांतून निसटतात. आठवे, वाहक जोडप्याचे समुपदेशन. आणि नववे, ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर, परिचारिका आणि आशा यांना ही पहिली चार कामे शिकविणे.

या दोन वर्षांतील किमान आठ महिने फेलो गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया येथील रुग्णालयांत राहावा. तेथील भेट सहलीसारखी नको, तेथे त्याच्यावर बाह्यरुग्ण विभागाची जबाबदारी हवी. आणि परदेश? अवश्य. पण तो दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस, चार ते सहा आठवड्यांसाठी, स्वतःच्या कामातून निर्माण झालेला प्रश्न घेऊन यावा. तोपर्यंत दर आठवड्याला दूरदृश्य पद्धतीने रुग्णचर्चा होऊ शकते. नागपूर आणि अ‍ॅमस्टरडॅम यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर आहे. नागपूरचे बाह्यरुग्ण काम संपते तेव्हा येथे दुपार असते.

'गुणवत्ते'चा प्रश्न

आता आपण खऱ्या वादाच्या जागी येतो. या फेलोशिपला निवड कोणाची करावयाची?

सुपरस्पेशालिटीचा विषय निघाला की 'येथे तरी आरक्षण नको' हे वाक्य ठरलेले असते. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात बहुमताने वैद्यकातील सुपरस्पेशालिटीसारख्या जागांवर आरक्षण इष्ट नसल्याचे मत नोंदविले. १९९९ च्या प्रीती श्रीवास्तव निकालाने त्या पातळीवरील प्रवेशात सवलत नाकारली. २०१३ साली दिल्लीच्या एम्समधील अध्यापक पदांच्या प्रकरणातही तोच सूर कायम राहिला. न्यायालयाचा पूर्ण मान राखून आम्ही विचारतो: सर्वोच्च कौशल्य आणि सामाजिक न्याय ही एकमेकांची शत्रू आहेत, हे गृहीत कोठून आले?

ज्या गुणांना 'गुणवत्ता' म्हणतात, त्यांची रेषा किती पवित्र आहे तेही पाहू. सप्टेंबर २०२३ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या नीट-पीजी परीक्षेची पात्रतारेषा सर्वच प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. जागा रिकाम्या राहू लागल्या की रेषा शून्यावर येते. दलित-आदिवासींची मुले दारात आली की तीच रेषा लक्ष्मणरेषा होते. हा दुटप्पीपणा आपण न दाखविला तर कोण दाखविणार?

तथापि केवळ संताप व्यक्त करून आराखडा होत नाही. आम्ही विचारतो की हिमोग्लोबिनविकारांच्या डॉक्टरची गुणवत्ता कशात आहे? चार पर्यायांतील अचूक उत्तर ओळखण्यात ती काही अंशी आहेच. पण ग्रामीण रुग्णालयात केलेली सेवा, रुग्णाची बोली समजणे, गोंडी किंवा झाडीपट्टीची मराठी बोलता येणे, त्याच प्रदेशात राहण्याची तयारी, हीही या कामाची गुणवत्ता आहे. निवडीत तिला गुण द्या. सरकारी सेवेतील डॉक्टरांसाठी जागा राखण्याचा राज्यांचा अधिकार पदव्युत्तर पातळीवर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मान्य केला, आणि मार्च २०२२ मध्ये तामिळनाडूतील सुपरस्पेशालिटीच्या ५० टक्के जागा त्या वर्षीच्या प्रवेशासाठी सेवेतील डॉक्टरांना देण्यास मुभा दिली. म्हणजे एक दार बंद असले तरी दुसरे उघडता येते. विदर्भातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत राबणारे कितीतरी डॉक्टर आपल्याच वस्त्यांतून आलेले आहेत. फेलोशिपच्या निम्म्या जागा सेवेतील डॉक्टरांना मिळाव्यात, ही आमची मागणी आहे.

आत गेल्यावर काय?

दार उघडून भागत नाही. आत काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. २००७ साली प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या अनुभवांची नोंद केली: प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षांतील पक्षपात, अध्यापकांनी टाळणे, वसतिगृहातील एकटेपणा. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी जीवन संपविले. जळगावच्या तडवी भिल्ल समाजातून आलेली ती लेक होती. त्या प्रकरणात दोष कोणाचा, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. पण अशी लेक एकटी पडणार नाही, अशी व्यवस्था आधीच उभी करणे हे आराखडा करणाऱ्याचे काम आहे. जेथे सर्व काही एका विभागप्रमुखाच्या मर्जीवर चालते, तेथे फेलो मुका होतो आणि मुका डॉक्टर रुग्णाची चूकही बोलून दाखवीत नाही.

म्हणून आमचे आग्रह स्पष्ट आहेत. उत्तीर्ण-अनुत्तीर्णाचा निर्णय एका तोंडी परीक्षेवर नसावा. दोन वर्षांत अनेक निरीक्षकांनी, अनेक प्रसंगी, लेखी नोंदविलेल्या निरीक्षणांवर तो व्हावा आणि त्या निरीक्षकांत परिचारिका व समुपदेशकही असावेत. बाहेरील परीक्षक दुसऱ्या राज्यातील असावा. प्रत्येक फेलोला आपल्या विभागाबाहेरील एक मार्गदर्शक असावा, ज्याच्या हातात त्याचे गुण नाहीत. आणि शिकणाऱ्यांनी शिकविणाऱ्या विभागाचे मोजमाप निनावी पद्धतीने करावे. त्यासाठी डी-रेक्ट नावाची प्रश्नावली याच देशात तयार होऊन २०११ साली प्रसिद्ध झाली. विभागाचा निकाल सलग दोन वर्षे वाईट आला तर त्या विभागाची नवी भरती थांबवावी.

आपल्या घरातील अंधार

येथवर आम्ही व्यवस्थेवर बोट ठेवले. आता ते स्वतःकडे वळवावे लागेल.

लग्नाच्या बोलणीत आपण शिक्षण विचारतो, नोकरी विचारतो, व्हिसा कोणता तेही विचारतो. सिकलसेलची तपासणी मात्र विचारीत नाही, आणि झाली असेल तर लपवितो. वाहक मुलगी म्हणजे जणू खोट असलेले भांडे! हे अज्ञान आपल्याला शोभत नाही. वाहक माणूस आजारी नसतो. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच वाहक असेल तर सिकलसेलचा तीव्र आजार सहसा संभवत नाही, मात्र दुसऱ्याच्या रक्तात थॅलेसेमियासारखा दोष नाही ना, हे पाहावे लागते. हा दोष कोणाच्या पापाने आलेला नाही. मलेरियाच्या प्रदेशात वाहकांचा जीव वाचत गेला म्हणून तो टिकला, आणि जातीबाहेर लग्न न करण्याच्या प्रथेने तो त्या त्या समाजात कोंडून राहिला. ज्या जातिव्यवस्थेने आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले, तिनेच हे दुखणे आपल्या घरात साठवून ठेवले. तेव्हा ते लपविण्यात लाज राखली जात नाही. उलट त्या व्यवस्थेचेच काम आपण पुढे चालवितो.

म्हणून आराखडा करणाऱ्या समितीत रुग्ण आणि पालक असलेच पाहिजेत, आणि तेही मतदानाच्या अधिकारासह. नागपुरात सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेने आणि तिच्या संपत रामटेके यांनी रुग्णांचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. येथे नेदरलँड्समध्ये ऑस्कर ही रुग्णांची संघटना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. हे सर्व सांगते, की रुग्ण ही केवळ उपचाराची वस्तू नव्हे. डॉक्टर कसा असावा, हे सांगण्याचा त्याला अधिकार आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की एका आजारासाठी स्वतंत्र उपशाखा कशाला? उत्तर असे, की हा आजार एका अवयवाचा नाही. तो मेंदू, फुप्फुस, प्लीहा, मूत्रपिंड, खुब्याचे हाड, डोळा आणि गर्भ या सर्वांना गाठतो आणि जन्मभर गाठत राहतो. रुग्ण सात विभागांत हिंडतो आणि कोणताही विभाग त्याला आपला म्हणत नाही. ज्याला कोणी वाली नाही, त्याच्यासाठी तज्ज्ञ घडविणे ही चैन नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: शिकून झाल्यावर तो डॉक्टर जाईल कोठे? पद नसेल तर उत्तम फेलोशिपही वाया जाते. म्हणून फेलोशिपच्या मागणीबरोबरच जिल्हा रुग्णालयांत हिमोग्लोबिनविकार तज्ज्ञाचे मंजूर, कायम पद ही मागणी जोडली पाहिजे. पद आधी, प्रवेश नंतर. या क्रमाविषयी तडजोड नको.

आपली वर्गणी

मग आपण परदेशस्थांनी काय करावे? फेलोचा पगार आपण देऊ नये. ती सरकारची जबाबदारी आहे, आणि दानावर चाललेले शिक्षण दाता कंटाळला की संपते. आपण चार गोष्टी कराव्यात. मेंदूच्या रक्तप्रवाहाची तपासणी करणारी यंत्रे जिल्ह्यांना द्यावीत. बाहेरील परीक्षकांचा प्रवासखर्च उचलावा. आपल्यातील जे डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ येथे काम करतात, त्यांनी साप्ताहिक रुग्णचर्चेला आपली दुपार द्यावी. आणि आपल्या प्रत्येक घरात विवाहयोग्य मुलामुलींची तपासणी करून ती उघडपणे सांगावी. शेवटच्या गोष्टीला एकही युरो लागत नाही, पण तीच सर्वांत कठीण आहे.

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, बाबासाहेबांनी लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात त्यांनी आपल्या मुलांसाठी विज्ञान आणि तंत्रशास्त्र यांच्या उच्च शिक्षणाकरिता आणि परदेशी शिक्षणाकरिता सरकारी निधी मागितला. नुसत्या साक्षरतेवर त्यांचे समाधान नव्हते. ज्ञानाच्या ज्या वरच्या मजल्यावर निर्णय होतात, तेथे आपली माणसे बसली पाहिजेत, हा त्यामागचा आग्रह होता. आपल्यापैकी अनेक जण आज अ‍ॅमस्टेलव्हीनसारख्या गावी स्थिर आयुष्य जगतात, ते त्याच आग्रहाचे फळ आहे. त्या वरच्या मजल्यावर अजून आपल्यासाठी दार अरुंद आहे आणि तेथील निर्णयांत भंडाऱ्याच्या मुलाचा विचार अजून होत नाही.

तेव्हा पुढील बैठकीत तीन महिन्यांच्या प्रमाणपत्राचा प्रस्ताव पुन्हा मांडला जाईल, तेव्हा आपण सर्वांनी तो विनम्रपणे नाकारावा आणि त्याऐवजी हा आराखडा विद्यापीठाकडे, शासनाकडे आणि नागपूरच्या पालकांकडे चर्चेसाठी पाठवावा, अशी आमची विनंती आहे. त्यात चुका असतील तर पालकांनी त्या दुरुस्त कराव्यात. आम्हांला आमचा शब्द खरा करावयाचा नाही. आजीच्या नातवाची टाच सातव्या दिवशी टोचली गेली. तिच्या गावच्या नातवंडांचीही टोचली जावी आणि टोचल्यानंतर त्यांच्याकडे पाहणारा, त्यांची बोली जाणणारा डॉक्टर तेथे असावा, एवढेच आमचे मागणे आहे.

जय भीम.